तक्त्याच्या एका ओळीत न मावणारं काम: गोखले संस्था, जानेवारी 1971

दरवर्षी मे महिन्यात आमच्याकडे एक तक्ता फिरतो. नाव, पद, वर्षभरात छापून आलेले शोधनिबंध, परिषदा, पुरस्कार, मिळालेले प्रकल्प आणि त्यांची रक्कम. समाजशास्त्रांच्या एका संशोधन संस्थेत मी बरीच वर्षं हा तक्ता गोळा करतो आणि त्यावरून वार्षिक अहवालातलं 'संस्थावृत्त' लिहितो. दोन वर्षांपूर्वीच्या अहवालात एका मोठ्या पाहणीची बातमी होती. प्रकल्पप्रमुखांचं नाव होतं, निधीचा आकडा होता, प्रकाशन समारंभाचा फोटोही होता. ज्या चौघींनी साडेतीन महिने वाड्यावस्त्यांवर फिरून प्रश्नावल्या भरल्या त्यांचं नाव कुठेच नव्हतं. तो मजकूर मीच लिहिला होता. त्यातली एक जण अहवाल हातात घेऊन माझ्या टेबलाशी आली आणि शांतपणे म्हणाली, "सर, आम्ही कुठल्या पानावर आहोत?"

तिला द्यायला माझ्याकडे पान नव्हतं. त्या दिवसापासून मी एक जुनं प्रकरण नव्याने वाचायला घेतलं आणि आता नव्या संशोधन साहाय्यकांना शिकवायलाही तेच घेतो. प्रकरण पुण्याच्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेचं आहे. जानेवारी 1971 मध्ये तिथल्या दोन प्राध्यापकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आमच्या तक्त्यात तो भरायचा झाला तर नोंद अशी होईल: वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ, शोधनिबंध, दोन भागांत. ओळ खरी आहे, पण त्या ओळीबाहेर किती काय राहतं ते बघण्यासाठीच हे प्रकरण.

दोन अंक, दोन शनिवार

मुंबईहून निघणाऱ्या 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' या साप्ताहिकाच्या 2 आणि 9 जानेवारी 1971 च्या अंकांत 'पॉव्हर्टी इन इंडिया' हा अभ्यास आला. त्याच वर्षी तो पुस्तकरूपानेही निघाला. पुस्तक काढलं ते दांडेकरांनीच नुकत्याच उभ्या केलेल्या 'इंडियन स्कूल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी'ने. म्हणजे कर्मचाऱ्याची कामगिरी कोणत्या संस्थेच्या खात्यावर मांडायची, हा आज आमच्या बैठकांत तासभर चालणारा वाद तेव्हाही उपस्थित करता आला असता. तो कोणी केला असेल असं वाटत नाही.

वेळ मात्र विलक्षण होती. 27 डिसेंबर 1970 ला लोकसभा विसर्जित झाली होती. मार्चमध्ये निवडणूक व्हायची होती आणि 'गरिबी हटाव'ची घोषणा गावोगावच्या भिंतींवर रंगणार होती. गरीब म्हणजे नेमका कोण आणि असे किती, याचं मोजून काढलेलं उत्तर मतदानाआधी दोन महिने छापून आलेलं होतं.

उत्तर असं. 1960-61 साली ग्रामीण भागातले सुमारे 40 टक्के आणि शहरांतले सुमारे 50 टक्के लोक किमान गरजेपुरताही खर्च करू शकत नव्हते. त्या वेळी देशाची लोकसंख्या 44 कोटींच्या आसपास होती. गुणाकार करून पाहिला तर आकडा 18 कोटींच्या घरात जातो.

दारिद्र्यरेषा ओढली कशी

साहाय्यकांना मी इथे थांबवतो, कारण बातमीत 40 आणि 50 हे आकडे येतात आणि ते निघाले कसे हे येत नाही.

दांडेकर-रथ यांनी स्वतः घरोघरी जाऊन पाहणी केली नव्हती. राष्ट्रीय नमुना पाहणीने गोळा केलेले घरखर्चाचे आकडे त्यांनी वापरले. या पाहणीत कुटुंबं दरडोई मासिक खर्चाच्या गटांत मांडलेली असतात: 0 ते 8 रुपये, 8 ते 11, 11 ते 13, 13 ते 15, 15 ते 18, 18 ते 21, 21 ते 24, आणि असं वर 75 रुपयांच्या पुढच्या गटापर्यंत. प्रत्येक गटातली माणसं धान्य, डाळ, तेल, दूध, गूळ किती घेतात यावरून त्यांच्या पोटात सरासरी किती उष्मांक जातात ते काढता येतं. माणशी रोज 2,250 उष्मांक हे माप धरून त्यांनी पाहिलं, की खालून वर जाताना कोणत्या खर्चाशी हे माप भरतं. खेड्यात ते वर्षाला 170 रुपये 80 पैशांशी भरलं, शहरात 271 रुपये 70 पैशांशी. हिशेबाच्या सोयीसाठी त्यांनी 180 आणि 270 रुपये धरले. महिन्याला खेड्यात 15 रुपये, शहरात साडेबावीस.

हे आकडे मी फळ्यावर लिहितो आणि मग दिवसाला भागायला सांगतो. खेड्यात माणशी 50 पैसे येतात. शहरात 75. जुन्या भाषेत आठ आणे आणि बारा आणे. या आठ आण्यांत जेवण, सरपण, दिव्याचं तेल, लुगडं, धोतर, आजारपण आणि पाहुणारावळा हे सगळं आलं. 2,250 उष्मांक म्हणजे काय हेही ताटात पाहावं लागतं. 100 ग्रॅम ज्वारीतून साधारण 350 उष्मांक मिळतात. म्हणजे अर्धा किलो ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या तर साडेसतराशे झाले. उरलेले पाचशे मूठभर डाळ, चमचाभर तेल, गुळाचा खडा यांतून यायचे. दूध आणि फळं या ताटात जवळजवळ नाहीतच. रेषा इतकी खाली ओढलेली होती आणि तरीही खेड्यातली दहापैकी चार माणसं तिच्या खाली होती.

रेषा खाली होती हे मी म्हणतो ते तुलनेने. 1962 साली नियोजन आयोगाच्या सांगण्यावरून बसलेल्या एका अभ्यासगटाने किमान खर्च दरमहा माणशी 20 रुपये आणि शहरासाठी 25 रुपये सुचवला होता, तोही आरोग्य आणि शिक्षणाचा खर्च सरकार उचलेल असं गृहीत धरून. गोखले संस्थेचे तेव्हाचे संचालक धनंजयराव गाडगीळ त्या गटात होते. नऊ वर्षांनी त्यांच्याच संस्थेतल्या दोघांनी त्याहून कमी रकमेची रेषा घेतली, म्हणजे आकडा फुगवल्याचा आरोप करायला जागाच ठेवली नाही.

अभ्यासातलं दुसरं निरीक्षण मला पहिल्याइतकंच मोलाचं वाटतं. साठच्या दशकात दरडोई खर्चातली वाढ वर्षाला अर्ध्या टक्क्याहूनही कमी होती आणि जी काही वाढ झाली ती वरच्या थरात गेली. खेड्यातल्या तळाच्या 20 टक्क्यांची स्थिती होती तिथेच राहिली. शहरातल्या तळाच्या 20 टक्क्यांची तर खालावली. विकास होत राहिला की त्याचा ओघळ आपोआप खाली येईल, या समजाला यानंतर आकड्यांचा आधार उरला नाही.

आधीची चाळीस वर्षं

असा अभ्यास दोन माणसांच्या हुशारीतून एका वर्षात होत नाही. संस्था 6 जून 1930 ला सुरू झाली. साताऱ्याचे रावबहादूर रा. रा. काळे यांनी भारत सेवक समाजाला देणगी दिली आणि समाजाच्या पुण्यातल्या आवारात ती उभी राहिली. पहिले संचालक गाडगीळ. 1930 पासून 1966 पर्यंत ते त्या जागी होते, आणि या 36 वर्षांत त्यांनी काय मोजायला घेतलं ते पाहण्यासारखं आहे. संस्थेची पहिली पाहणी पुण्याच्या फळबाजाराची, 1933 ची. 1935 साली मुंबई इलाख्यातल्या सहा जिल्ह्यांतली मोटारबस वाहतूक. मग वाई तालुक्यातल्या शेतीचा जमाखर्च. त्याच सुमारास पुणे शहराची घरोघर पाहणी, जिचे खंड 1945 आणि 1952 साली निघाले. पुढे कोल्हापूर शहराची पाहणी ना. वि. सोवनींनी केली.

फळांची आडत, बसचं भाडं, वाईच्या कुणब्याचं बैल आणि बियाण्यावरचं देणं. यातल्या कुठल्याही विषयाला आजच्या तक्त्यात 'आंतरराष्ट्रीय दर्जा' मिळाला नसता. पण आसपासचं जग मोजून पाहण्याची सवय यातूनच लागली. स्वातंत्र्यानंतर 1949 साली राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली. तिच्यात अध्यक्ष महालनोबिस आणि व्ही. के. आर. व्ही. राव यांच्याबरोबर तिसरे गाडगीळ होते. त्याच काळात, 1950 मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली, आणि तिच्याच आकड्यांवर पुढे दांडेकर-रथ यांचं सगळं गणित उभं राहिलं.

थोडं विषयांतर. देणगी देणारे काळे साताऱ्याचे. दांडेकरांचा जन्म साताऱ्याचा. वाई सातारा जिल्ह्यात. आणि या अभ्यासावर पुढे सर्वांत कसून आक्षेप घेतले ते पां. वा. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्याच बुध गावचे. दुष्काळी पट्टा आणि कृष्णाकाठ एकाच जिल्ह्यात शेजारी शेजारी असले की माणसाला मोजदादीची ओढ लागत असावी, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. पुराव्याने सांगता येणार नाही.

प्रश्नावली घेऊन दारात उभा असलेला माणूस

त्या 13 ते 15 रुपयांच्या रकान्यात आकडा आला तो कोणीतरी ओट्यावर बसून विचारला म्हणून. हे काम मी स्वतः केलं आहे, म्हणून सांगतो. "गेल्या महिन्याभरात ज्वारी किती लागली?" असं विचारलं की बाई म्हणते, "लागली की दोन-अडीच पायल्या." पायली चार शेरांची, पण शेर कुठला? घरच्या मापाचा की बाजारच्या? मळणीवर मजुरीत मिळालेले जोंधळे खर्चात धरायचे की नाही? धरायचे, आणि त्यांना भाव लावायचा. कुठला भाव? शेजारच्या रानातून आणलेली तांदुळजाची भाजी? लेकीकडून आलेलं तूप? तिसऱ्या मिनिटाला सासूबाई मध्ये बोलतात, आणि त्यांचा आकडा सुनेच्या आकड्याशी जुळत नाही. मग चूल, डबे, कणगी डोळ्यांनी बघून, पुन्हा विचारून, घरात किती माणसं जेवतात ते मोजून आकडा पक्का करायचा. एका घराला दीड-दोन तास सहज जातात. घरातल्या लोकांची मजुरीची वेळ चुकू नये म्हणून पहाटे नाहीतर दिवेलागणीनंतर जायचं.

ही माणसं चुकली असती किंवा झाडाखाली बसून आकडे लिहून मोकळी झाली असती, तर पुण्यात बसून कितीही काटेकोर गणित केलं तरी 40 टक्क्यांना अर्थ राहिला नसता. त्यांची नावं छापील अहवालांत नसतात. ती परंपरा मला मान्य नाही. गुप्तता पाळायची ती उत्तर देणाऱ्या घराची. विचारणाऱ्याचं नाव लपवण्याचं काही कारण नाही.

वाद

सुखात्मे रोममध्ये जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते आणि निवृत्तीनंतर पुण्याला परतले. त्यांचा मुद्दा साध्या शब्दांत असा: 2,250 ही सरासरी गरज आहे. प्रत्येक माणसाची गरज वेगळी, आणि एकाच माणसाचीही रोज सारखी नसते. शरीर काही मर्यादेत स्वतःला जुळवून घेतं. सरासरीच कडेलोटाची रेषा धरली तर व्यवस्थित निरोगी असलेली बरीच माणसंही उपाशी म्हणून मोजली जातील. म्हणून रेषा सरासरीच्या बरीच खाली घ्यायला हवी.

दांडेकरांची बाजूही तितकीच भक्कम होती. आपण उपासमार मोजत नसून गरिबी मोजतो आहोत. शरीर कमी अन्नात तग धरतं याचा अर्थ माणसाची गरज भागली असा होत नाही. ज्या खर्चाच्या पातळीवर सर्वसाधारण कुटुंब पुरेसं खाऊ शकतं ती पातळी आपण शोधली, एकेका माणसाच्या आरोग्याचा दाखला दिला नाही. हा वाद ऐंशीच्या दशकापर्यंत चालला. दोघेही संख्याशास्त्रज्ञ, दोघेही पुण्यात. माझा कल दांडेकरांकडे आहे. पण सुखात्म्यांनी प्रश्न विचारला नसता तर 'कुपोषित' आणि 'गरीब' हे दोन शब्द आपण अजूनही एकाच अर्थाने वापरत बसलो असतो, हेही तितकंच खरं.

बाकीचे आक्षेपही होते. नांगर धरणाऱ्याला आणि कचेरीत बसणाऱ्याला एकच माप कसं? गरीब ज्या वस्तू घेतात त्यांचे भाव वेगळ्या वेगाने वाढतात, त्याचं काय? पहिल्या आक्षेपाचं उत्तर 1979 च्या नियोजन आयोगाच्या कृतिदलाने दिलं: खेड्यासाठी 2,400 आणि शहरासाठी 2,100 उष्मांक. 1993 मध्ये लकडावाला गटाने राज्यागणिक वेगळ्या रेषा ठरवल्या. 2009 मध्ये तेंडुलकर समितीने उष्मांकाचं बोट सोडलं. वाट बदलत गेली, पण ती सुरू कुठून झाली हे प्रत्येक अहवाल वाचताना कळतं.

पुढे काय झालं

उपाय म्हणून दांडेकर-रथ यांनी ग्रामीण भागात सार्वजनिक कामं काढून रोजगार देण्यावर भर दिला होता. सगळ्यांना पुरेल इतकी जमीन वाटायला नाही, त्यामुळे ज्याच्याजवळ फक्त हात आहेत त्याच्या हाताला काम द्या, असा तो विचार. महाराष्ट्रात रोजगार हमी योजना आली ती मात्र या पुस्तकातून नव्हे. तिचं श्रेय विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांचं, तासगाव भागात आधी करून पाहिलेल्या प्रयोगाचं आणि बहात्तरच्या दुष्काळाचं. मे 1973 मध्ये राज्यात 50 लाखांच्या जवळपास माणसं खडी फोडत, पाझर तलाव आणि बांधबंदिस्ती करत होती. ज्यांनी तेव्हा दुष्काळी कामांवर वाटलेली सुकडी खाल्ली आहे त्यांना हा आकडा सांगावा लागत नाही. कायदा 1977 चा, अंमल 26 जानेवारी 1979 पासून. या योजनेला पैसा उभा करायला 1975 साली व्यवसाय कर आला. आजही महाराष्ट्रातल्या पगारपत्रकावर तो 200 रुपये म्हणून दिसतो आणि फेब्रुवारीत 300 होतो. आमच्या साहाय्यकांपैकी बहुतेकांना ही कपात कशाची हे माहीत नसतं. मी त्यांना पगारपत्रक काढायला सांगतो आणि त्या ओळीवर बोट ठेवतो.

संस्थेने हा विषय तिथे सोडला नाही, आणि मला या प्रकरणात सर्वांत भावतं ते हेच. कुमुदिनी दांडेकर या संस्थेतल्या लोकसंख्याशास्त्राच्या अभ्यासक. त्यांनी मंजू साठे यांच्यासह रोहयोच्या कामांवर जाऊन मजुरांची पाहणी केली. ती 1980 मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे 1983 साली याच कामांवरच्या बायकांवर त्यांचा स्वतंत्र अभ्यास निघाला. हमी कागदावर आली, आता ती कोणाच्या हातात पडते ते बघायला कोणीतरी कामावर गेलं.

आणि 1985. तोवर दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांना कर्ज आणि अनुदान देऊन म्हशी, शेळ्या, शिवणयंत्रं घेऊन देणारा एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम देशभर चालू होता. अशी रेषा ज्यांनी आधी ओढली होती त्यांच्यातलेच नीलकंठ रथ. फेब्रुवारी 1985 मध्ये त्याच साप्ताहिकात त्यांनी हिशेब मांडला: सात वर्षांच्या शेवटी ग्रामीण गरीब कुटुंबांपैकी फार तर 3 टक्के कुटुंबं या कार्यक्रमामुळे रेषेच्या वर आलेली असतील, तीही काही काळापुरती. सरकारी यशोगाथांच्या त्या दिवसांत हे लिहिणं सोपं नव्हतं. आमच्या तक्त्यात याला 'शोधनिबंध: 1' एवढीच जागा आहे.

तक्त्याचं काय केलं

गेल्या वर्षी मी तक्त्यात तीन रकाने वाढवून घेतले. माहिती कोणी, कुठे, किती दिवसांत गोळा केली. हा अभ्यास आधीच्या कुणाच्या कामावर उभा आहे. आणि या कामावर कोणी काय आक्षेप घेतला. पहिला रकाना सगळ्यांनी भरला, त्या चौघींची नावं यंदा अहवालात 23 व्या पानावर आहेत. दुसऱ्यात बहुतेकांनी दोन-दोन नावं लिहिली. तिसरा जवळजवळ सगळा कोरा आला. फक्त ऊसतोड कामगारांच्या मुलांवर काम करणाऱ्या एका तरुण सहकारिणीने जागा पुरली नाही म्हणून वेगळा कागद जोडला होता. फडावरच्या एका मुकादमाने तिच्या हजेरीच्या आकड्यांत कुठे चूक आहे ते तिला समजावून दिलं होतं. त्याचं म्हणणं तिने त्याच्याच शब्दांत दीड पानभर उतरवलं होतं आणि खाली लिहिलं होतं: बरोबर आहे, पुन्हा मोजणार.

तो कागद मी जसाच्या तसा अहवालात घेतला.